आप्पांच्या फोनमधली चढती रेघ

आमच्या धंद्यात फोनला वायर लावून लॅपटॉपच्या पडद्यावर एक रेघ बघत बसावं लागतं. अ‍ॅप चालू असताना ते फोनची किती मेमरी खातंय, ते ती रेघ दाखवते. अ‍ॅप उघडलं की रेघ चढते, बंद केलं की उतरते. याच्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही, आणि माझ्यासारख्या उतावळ्या बाईला तर ती शिक्षाच. पण ती रेघ हलायला लागली की मला अजूनही भाद्रपदातलं ऊन आठवतं. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप सांभाळत बसलेली मी आणि पुढं हेल्मेटऐवजी टोपी घातलेले आप्पा आठवतात. त्या तीन दिवसांइतकी मी आप्पांबरोबर कधीच फिरले नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ते स्लिपबॉय होते. हुद्दा बॉयचा आणि वय त्रेपन्न, यावर आमच्या घरात पुष्कळ थट्टा व्हायची. कुणी कुठल्या रानात कधी ऊस लावला, जात कुठली, क्षेत्र किती, हे बांधावर जाऊन लिहून आणायचं, हे स्लिपबॉयचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या नोंदीतल्या लागणीच्या तारखेवरच पुढं वर्ष-दीड वर्षानं तोड कधी येणार ते ठरतं. तारीख चुकली की माणसाचा ऊस रानात उभ्यानं वाळतो आणि शेजारच्याचा आधी जातो. म्हणून गावात सरपंचाला एखाद्यानं रामराम घातला नाही तरी चालायचं, आप्पांना घातल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही.

आमचं घर पणजोबांपर्यंत मेंढरांमागं फिरणारं. आजोबांनी जमीन धरली, आप्पांनी नोकरी धरली, पण पायाला भिंगरी तिघांच्याही. आम्ही दौंडला राहायचो, रेल्वे कॉलनीच्या मागच्या बाजूला, आणि आप्पांचा गट नदीपलीकडचा, शिरूर तालुक्यातल्या चार गावांचा. सकाळी सातला डबा घेऊन निघायचे ते दिवेलागणीला परत. रविवारी घरी असले की चिडचिड करायचे, अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालायचे. आई म्हणायची, "यांना रविवारीबी एखादं रान मोजायला द्या रे कुणीतरी."

मी तेव्हा पुण्यात एका लहानशा कंपनीत होते. आठवडाभर तिकडं खोली करून राहायचे आणि शुक्रवारी डेमू गाडीनं दौंडला यायचे. आमच्या कंपनीला कारखान्याचं काम मिळालं: ऊस नोंदीचं अ‍ॅप. वहीऐवजी फोन. रानाच्या कडेनं फोन घेऊन फेरी मारली की नकाशावर रान उमटणार, क्षेत्र आपोआप निघणार, उभ्या उसाचा फोटो नोंदीला चिकटणार. ते अ‍ॅप मी केलं, असं आप्पांनी चारही गावांत सांगून टाकलं. आम्ही चौघं होतो खरं तर, पण आप्पांच्या लेखी बाकीचे तिघं मला चहा आणून देण्यापुरते होते.

कारखान्यानं बाराही स्लिपबॉयना एकसारखे फोन दिले, स्वस्तातले. आणि पहिल्याच आठवड्यात आप्पांच्या फोनवर अ‍ॅप बंद पडायला लागलं. दिवसाची पहिली चार-पाच रानं नीट व्हायची, मग मध्येच पडदा काळा, आणि अर्धी भरलेली नोंद गायब. पुन्हा सगळी फेरी मारायची, चिखलातून. बाकी अकरा जणांचं मात्र व्यवस्थित चाललं होतं. त्यातले बरेचसे पंचविशीतले, फोनवर अंगठा असा फिरवायचे की बघत राहावं.

शेतकी अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं बैठकीत सगळ्यांदेखत फक्त एवढंच सांगितलं, की गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ज्यांना अ‍ॅप जमणार नाही त्यांना काट्यावर घेऊ. काटा म्हणजे उसाच्या गाड्या वजन करतात ती जागा. तिथं केबिन असते, पंखा असतो, खुर्ची असते. दुसऱ्या कुणाला ती बढती वाटली असती. आप्पांना आठ तास खुर्चीत बसवणं म्हणजे जनावर कोंडवाड्यात घालणं. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती. आप्पांना बोलायची सवयच नव्हती, नोंद वाचून दाखवण्यापलीकडं.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. ऑफिसात तसलाच एक फोन घेतला, पन्नास नोंदी भरल्या, अ‍ॅप एकदाही बंद पडलं नाही. म्हणजे अ‍ॅप बरोबर. मग आप्पांना फोन केला.

"आप्पा, तुम्हीच काहीतरी भलतंच दाबताय."

"आसंल."

"असेल नाही, आहेच! बाकी अकरा जणांचं कसं चालतं मग? मी स्वतः तपासलंय. चूक तुमचीच होतीय कुठंतरी."

"बरं," आप्पा म्हणाले.

असे फोन मी दोनदा-तीनदा केले असतील. आवाज दर वेळी जरा जास्त चढलेला. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळं कुणी मनावर घेत नसे, असं मी धरून चालले होते.

शेवटी एका शुक्रवारी घरी आले आणि शनिवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून म्हणाले, मी येते तुमच्याबरोबर, तुम्ही कुठं चुकता ते मला बघायचंय. शब्द हेच होते. आप्पांनी सीट फडक्यानं पुसली आणि गाडीला किक मारली.

पूल ओलांडला की हवा बदलते तिकडं. पावसाळ्यातल्या आडसाली लागणी होऊन गेलेल्या, ऊस वीतभर वर आलेला, सऱ्यांत पाणी चमकतंय. पहिल्या रानावर आप्पांनी बांधावर माझ्यासाठी पोतं अंथरलं. मी फोनला लांब वायर लावली आणि त्यांच्यामागून लॅपटॉप घेऊन चालायला लागले. रानाचे मालक एक म्हातारे आबा होते. त्यांनी वायरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, फोनला सलाईन लावलीया व्हय? आन् डाक्टरीणबाई संगंच आनली!"

आप्पा हसले. मी नाही हसले. माझं लक्ष त्यांच्या बोटांकडं होतं, चूक पकडायला टपलेलं. पण बोटं बरोबर चालली होती. हळू, पण बरोबर. फेरी मारली, क्षेत्र आलं, जात भरली, तारीख भरली, फोटो काढला. मग त्यांनी 'नोंद पाहा' हे बटण दाबलं आणि बांधावर उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गट नंबर. नाव. लागणीची तारीख. जात. क्षेत्र इतके गुंठे. पूर्वेला कोण, पश्चिमेला ओढा. आबा प्रत्येक ओळीला "व्हय" म्हणत होते. वाचून झालं, आप्पांनी नोंद बंद केली. तेवढ्यात आबांचा धाकटा भाऊ मोटर बंद करून आला. आप्पांनी पुन्हा नोंद उघडली, पुन्हा सगळी वाचली. मग बांधशेजारी आला. त्यालाही वाचून दाखवली.

"सगळ्यांना कशाला?" मी वैतागून विचारलं.

"शेजाऱ्यानं ऐकलं म्हंजी उद्या बांधावरनं भांडान न्हाई," आप्पा म्हणाले. "आन् मालकानं व्हय म्हनल्याबिगर आपुन आंगठा घ्यायचा न्हाई."

वहीच्या काळापासून ते असंच करत आले होते. त्यांना ज्यांनी काम शिकवलं त्यांनी असं शिकवलं होतं. पंचविशीतली पोरं वाचत नव्हती. भरलं, जतन केलं, पुढचं रान. मीही ऑफिसात पन्नास नोंदी भरल्या त्या अशाच. 'नोंद पाहा' मी एकदाही दाबलं नव्हतं, कारण मीच भरलेलं मी कुणाला वाचून दाखवणार?

आणि पडद्यावर रेघ. आप्पांनी नोंद उघडली की ती चढत होती, ते ठीक. पण नोंद बंद केली की उतरायला हवी ती उतरत नव्हती. पुन्हा उघडलं, आणखी वर. पंगत उठली की पत्रावळी उचलायच्या असतात, तरच दुसरी पंगत बसते. इथं पंगती उठत होत्या आणि पत्रावळी तशाच पडून होत्या. पाचव्या रानावर, दुसऱ्यांदा वाचताना, पडदा काळा झाला. आप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून फेरी मारायला चालू लागले.

मी बाभळीखालून माझ्या साहेबांना फोन लावला. मंगळवारी कारखान्यात अ‍ॅप दाखवायचं होतं, त्यांना घाई. ते म्हणाले, "तो स्क्रीन कोणी वापरतं का? नाही ना? मग काढून टाक. बंद पडायचं थांबेल." मला ते फार पटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी मी तो स्क्रीन काढून टाकला आणि नवं अ‍ॅप आप्पांच्या फोनवर घातलं.

रविवारी मी आप्पांना म्हटलं, चला, एखादं रान करून बघू. सुट्टीच्या दिवशी कुणी रानात चला म्हणतंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की आईनं कपाळाला हात लावला. रान एका विधवा मावशींचं होतं. आप्पांनी नोंद भरली. माझ्या लॅपटॉपवर रेघ शहाण्यासारखी चढली, शहाण्यासारखी उतरली. मावशी पदर खोचून उभ्याच.

"वाचा की आप्पा," त्या म्हणाल्या.

आप्पांनी फोन वरून खाली बघितला, खालून वर बघितला आणि मला विचारलं, "ताई, ते वाचायचं कुठं गेलं गं?"

"काढलं आप्पा. त्यानंच बंद पडत होतं. बाकी कुणी वापरत नव्हतं."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला, हात मागं बांधले आणि सगळी नोंद तोंडपाठ म्हणून दाखवली. गट नंबर, जात, गुंठे, चारी बाजूंचे शेजारी. तारखेवर आल्यावर मावशींनी हात वर केला. "न्हाई ओ आप्पा. लागन बाजाराच्या दुसऱ्या दिशी केली. तुमी धा दिस मागनं लिवलीया."

दहा दिवस म्हणजे तोडीत किती माणसं पुढं गेली असती ते मावशींना माहीत होतं, आप्पांनाही. आप्पांनी मला विचारलं, आता दुरुस्त कसं करायचं? मी म्हटलं, आता होत नाही, ऑफिसातून करावं लागेल. दुरुस्तीचं बटणही त्याच स्क्रीनवर होतं ना. आप्पांनी शर्टाच्या खिशातून पेन काढला आणि बरोबर तारीख तळहातावर लिहून घेतली. मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिकल्याली हायेस न्हवं गं तू?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले आणि जेवायच्या आधीच बसले. तो स्क्रीन परत घातला आणि मेमरीत कोण कोण राहिलंय त्याची यादी काढली. तीच माझी खरी विद्या, आणि इतके दिवस ती वापरायची सोडून मी वडिलांवर ओरडत होते. यादीत बंद झालेले नकाशे होते, एकावर एक, प्रत्येकाच्या पोटात रानाचा मोठा फोटो. नोंद उघडली की नकाशा फोनला सांगायचा, जागा बदलली की मला कळव. नोंद बंद करताना 'आता कळवू नकोस' हे सांगायचं असतं. ते सांगायचं राहिलं होतं. त्यामुळं फोन बिचारा प्रत्येक बंद नकाशा धरून ठेवायचा, कधीतरी कळवायचंय म्हणून. एका ओळीचं काम. ती ओळ कुणी लिहायला हवी होती ते बघायची सोय असते. गरज नव्हती तरी मी बघितलं. मीच.

मग अंगणातल्या दगडावर बसून नोंद उघड-बंद करत राहिले, चाळीस वेळा तरी. आई भांडी घासत बघत होती. "याला पगार देतात व्हय?" तिनं विचारलं. प्रत्येक वेळी रेघ चढली आणि प्रत्येक वेळी जागेवर उतरली.

सोमवारी रजा टाकली. तो सगळा दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. आप्पांनी नऊ रानं केली, प्रत्येक नोंद मन भरेपर्यंत वाचली, एका ठिकाणी तर वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाक मारून उगाचच ऐकवली. अ‍ॅप एकदाही अडलं नाही. दुपारी ओढ्याच्या कडेला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. मी म्हटलं, "आप्पा, चूक माझी होती. एक ओळ राहिली होती माझ्याकडून."

"घावली न्हवं? झालं मग," असं म्हणून त्यांनी त्यांच्यातली अर्धी भाकरी माझ्या फडक्यावर ठेवली. मला वाटलं, संपलं. मी इतकी हलकी झाले होते की परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून बडबडत आले, पुलापासून घरापर्यंत.

मंगळवारी कारखान्यात अ‍ॅप दाखवलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की अ‍ॅपमध्ये दोष होता, तो आमचा होता, आणि जो स्लिपबॉय नोंद वाचून दाखवतो त्याच्याच फोनवर तो दिसला. पोरांपैकी दोघं-तिघं खाली बघायला लागली. बैठक संपल्यावर शेतकी अधिकाऱ्यानं मला थांबवलं. टेबलाच्या खणातून एक कागद काढला.

"तुमच्या वडिलांनी महिन्यापूर्वी दिला होता," तो म्हणाला. "मी पुढं पाठवला नव्हता. मी त्यांना विचारलं होतं, अ‍ॅपमध्ये काही गडबड आहे का, असेल तर कंपनीला सांगतो. ते म्हणाले, नाही साहेब, अ‍ॅप एकदम चांगलं आहे. घेऊन जा हा."

अर्ज आप्पांच्या अक्षरात होता, वहीतल्या नोंदीसारखा टापटीप. माझी नजर कमी झाली असल्याने मला फोनवरील काम दिसत नाही, तरी मला काट्यावर काम द्यावे, ही विनंती. खाली सही.

मी घरी आले तेव्हा दिवस मावळतीला होता. आई दारात गोधडीला टाके घालत बसली होती. तिनं सुई आणि दोरा आप्पांच्या पुढं केला, आणि आप्पांनी, चष्मा नाही काही नाही, उंबऱ्यातल्या उरल्यासुरल्या उजेडात एका दमात दोरा ओवून दिला.

मी तो कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी ओळखला. मी रडायलाच लागले. "नजर कमी झालीय तुमची? काट्यावर बसणार होतात तुम्ही? साहेबांनी सरळ विचारलं होतं ना, मग का नाही सांगितलं अ‍ॅप बंद पडतंय म्हणून? तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"ठावं व्हतं की," आप्पा म्हणाले. "वाचाया घेतलं का बंद पडतंय, ते दुसऱ्याच दिशी ध्यानात आलं व्हतं."

"मग?"

त्यांनी कागदाची घडी घातली, ती आणखी एकदा दुमडली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. बांधावर वाचून दाखवायचे तसा साधा, सपाट आवाज होता.

"तूच म्हनली व्हतीस न्हवं, चूक माझीच हाय म्हनून. मग सायबापुढं माझ्या पोरीला खोटं पाडू व्हय?"